चौथा स्लॉट

१

नकाशेवाल्यांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची टाप नव्हती. बायकोनं एकदाच जेवताना विचारलं होतं, "अहो, नवीन घेऊ या का?" त्यावर ताटातलं सगळं निवेपर्यंत तिला व्याख्यान ऐकावं लागलं. कंपन्या हल्ली वस्तू मुद्दाम नाजूक बनवतात, माणसं मेंढरांसारखी त्यांच्या मागे धावतात आणि चांगली चालणारी मशिनं भंगारात जातात. जातात म्हणजे काय, हीच माणसं घालवतात! तिनं मुकाट्यानं ताक वाढलं आणि विषय संपला.

इमारतींचे नकाशे काढणं हा त्यांचा धंदा आणि चिडणं हा त्यांचा स्वभाव. बिल्डिंगमध्ये त्यांना 'तोफखाना' म्हणत, अर्थात पाठीमागे. लिफ्ट अडकली की तोफ डागली जायची, जिन्यात कुणी सायकल लावली की दुसरी. गंमत अशी की बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं. घरच्यांची खरी पंचाईत तीच होती. चुकणाऱ्या माणसाला निदान गप्प तरी करता येतं.

सध्या त्यांच्याकडे एका छोट्या इस्पितळाचा नकाशा होता. फाइल एवढी जड झाली होती की माऊस हलवला की बाण बराच वेळ विचार करून हलायचा. म्हणून त्यांनी बाजारातल्या पार्टवाल्याकडून रॅमची एक नवी पट्टी आणली. मदरबोर्डवर अशा पट्ट्या बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, चार होते. दोहोंत जुन्या पट्ट्या होत्या, दोन रिकामे. नवी पट्टी तिसऱ्यात बसवायची, एवढंच काम.

या कामाचा त्यांचा एक नियम होता. आधी मशीन नीट बंद करायचं. मग वायर उपटायची. मग पुढचं बटण दाबून धरायचं, म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो, पंखा एक गचका देतो आणि मदरबोर्डवरचा बारकासा हिरवा दिवा विझतो. दिवा विझल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हा नियम त्यांनी नात्यातल्या सगळ्यांना शिकवला होता, आणि शिकवताना सगळ्यांवर ओरडले होते.

पट्टी बसवली तर मशीन बोंबलायला लागलं. टूं, टूं, टूं, आणि स्क्रीन काळा. त्यांनी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, पुन्हा बसवली. मशीन सुरू झालं आणि मधेच गोठलं. पुन्हा काढली, पुन्हा घासली. पार्टवाल्याला फोन करून त्याची यथेच्छ पूजा बांधली. "माल विकता की कचरा विकता?" असं विचारून उत्तर न ऐकता फोन ठेवला. अखेर एकदा मशीन जरा तग धरून राहिलं, तेव्हा बाकी सगळं नंतर तपासू म्हणून त्यांनी ते नुसतं झोपवलं, म्हणजे स्लीपवर टाकलं, आणि चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात कंत्राटदाराचा फोन आला.

"साहेब, तो जिना जरा अरुंद करा की. तेवढ्यात वर एक खोली जास्त निघते."

"आणि स्ट्रेचर कुठून न्यायचं? तुमच्या डोक्यावरून?"

"लिफ्ट आहे ना."

"लिफ्ट बंद पडते! आग लागली की पहिली बंद पडते! त्या वळणावर स्ट्रेचर वळणार नाही. माझ्या सहीनं असला नकाशा जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

"दुसरे लोक करून देतात हो, कुरकुर न करता."

या वाक्यानं त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन आपटून ते कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटकडे वळले आणि त्याच रागात आत हात घातला. तिसऱ्या स्लॉटमधली पट्टी खसकन उपटली आणि दोन्ही अंगठ्यांनी पुन्हा दाबली. टक्, टक्. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बसल्या.

मग आणखी एकदा टक् झालं.

त्यांचे हात तिसऱ्या स्लॉटवर होते. आवाज पलीकडून आला होता, चौथ्यातून. आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की हिरवा दिवा मघापासून जळतोच आहे. मशीन बंद नव्हतं, नुसतं झोपलं होतं.

२

गाढवपणा झाला होता यात शंका नव्हती. त्याचा राग त्यांनी कंत्राटदारावर काढला, मनातल्या मनात. मग सगळं रीतसर बंद करून पुन्हा सुरू केलं.

मशीन एकही बीप न देता सुरू झालं. इतकं झरझर ते नवं असतानाही चाललं नव्हतं. इस्पितळाची फाइल पाण्यासारखी उघडली. नकाशेवाले खूश झाले, म्हणजे निदान गप्प झाले, आणि खात्री करायला त्यांनी मेमरीचं पान काढलं.

चारही स्लॉट भरलेले, असं मशीन सांगत होतं.

"लेकाचं मोजताही येत नाही याला," ते म्हणाले.

पुन्हा सगळा नियम पाळून, दिवा विझवून त्यांनी कॅबिनेट उघडलं. चौथा स्लॉट रिकामा होता. पण त्याच्या दोन्ही क्लिपा उभ्या होत्या. स्लॉट रिकामा असला की क्लिपा बाहेरच्या बाजूला कललेल्या असतात. पट्टी दाबली की त्या उठतात आणि तिला दोन्हीकडून धरतात. इथं धरायला काही नव्हतं, आणि त्या धरून होत्या.

त्यांनी बोटानं त्या बाहेर पाडल्या. झाकण लावलं, मशीन सुरू केलं, बंद केलं, झाकण काढलं. क्लिपा उभ्या.

स्प्रिंग ढिली झाली असेल. पण त्या क्लिपांना स्प्रिंग नसते. मग पंख्याच्या थरथरीनं होत असेल. मशीन तापलं की प्लास्टिक वाकतं, तसं काहीतरी. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते सापडेपर्यंत माणसानं भुताखेताच्या गप्पा मारू नयेत, असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा कारण सापडलं नाही याचाच त्यांना जास्त संताप आला.

"अगं!" त्यांनी हाक मारली. "चहा मिळेल का या घरात?"

बायको दारात आली. ती सकाळी वाचनालयात नोकरी करायची आणि दुपारी घरी असायची. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, ते आता पुसलं जात होतं.

"आत्ता तर दिला."

"कुणाला?"

"तुम्हाला. काय हो, थट्टा करता का? तुम्हीच म्हणालात ना, बस जरा, दमली असशील. बसले की मी थोडा वेळ." तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मघाशी इतकं छान बोललात. आता परत काय झालं?"

टेबलाच्या कडेला रिकामा कप होता, तळाला चहाचा ओला थेंब. नकाशेवाल्यांच्या तोंडाला चहाची चव नव्हती. आणि 'बस जरा, दमली असशील' असलं वाक्य त्यांच्या तोंडून लग्न झाल्यापासून निघालं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मी असं काही म्हणालो नाही," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. हे 'बरं' ती भांडण टाळायला वापरायची. ते ऐकलं की त्यांना जास्तच भांडावंसं वाटायचं.

३

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा फोन आला तेव्हा नकाशेवाल्यांनी तोफेत बार भरूनच तो उचलला. पण पलीकडचा आवाज लोण्यासारखा होता.

"साहेब, नकाशा मिळाला. एक नंबर! जिना अगदी सांगितला तसा केलात. आणि काल किती समजुतीनं बोललात हो. मी घरी सांगितलं, साहेब वरून फणस आहेत, आतून गरे."

"कोण बोललं तुमच्याशी?"

"तुम्हीच की. म्हणालात, काही हरकत नाही, चालेल."

"चालेल?" नकाशेवाले इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गॅलरीतलं बोलणं थांबलं. "मी तो शब्द वापरत नाही! तो नकाशा फाडा. मी पाठवलेला नाही!"

कंत्राटदार जरा हसून म्हणाला, "बरं नाही का वाटत? नंतर बोलू, साहेब," आणि त्यानं फोन ठेवला.

त्यांनी फाइल उघडली. जिना अरुंद झाला होता. वर एक खोली वाढली होती, तिला दार होतं, खिडकी होती. काम नेटकं होतं. त्यांच्याच सवयीनं रेघ कोपऱ्याच्या किंचित पुढे नेऊन तोडली होती, त्यांच्याच तिरप्या अक्षरात मापं लिहिली होती. असं काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, ही त्यांची घमेंड होती. ती आता त्यांच्याच घशात अडकली.

त्यांनी नकाशावर वळणाशी स्ट्रेचर ठेवून पाहिलं. अडकलं. उचलणाऱ्यांपैकी मागचा माणूस भिंतीत जात होता. म्हणजे उद्या कुणाच्या तरी आईला, कुणाच्या तरी मुलाला त्या वळणावर तिरपं करावं लागणार, आणि हे सगळं एका खोलीसाठी, आणि खाली सही नकाशेवाल्यांची! त्यांचे कान तापले. बाहेरून कुणीतरी इंटरनेटवरून मशिनीत शिरलं असेल, दुसरं काय? त्यांनी नेटची वायर भिंतीतून ओढून काढली. जिना पुन्हा रुंद केला, फाइल साठवली आणि तिथंच बसून राहिले.

जेवायला उठले आणि हात धुऊन आले. तेवढ्यात जिना अरुंद झाला होता.

"कुणी हात लावला माझ्या कामाला?"

"कोण लावणार?" बायको ताटं घेत होती. "घरात आहोत दोघंच."

ती ताटं घेता घेता थांबली. ओट्यावर तिनं तीन वाट्या काढल्या होत्या. तिसरी तिनं उचलून परत ठेवली आणि स्वतःशीच हसल्यासारखं केलं.

४

पार्टवाल्याचं दुकान बाजाराच्या तळघरात होतं, वायरींच्या वेटोळ्यांनी भरलेलं. नकाशेवाले तिन्ही पट्ट्या स्वेटरच्या खिशात घालून तिथं पोचले. परवा केलेल्या पूजेनंतर तोही चार शब्द सुनावणार, अशा तयारीनं ते गेले होते. पण त्यानं स्टूल पुढे केलं.

"बसा, साहेब. आणि फोन केलात ते बरं वाटलं. एवढं कोण करतं?"

"कसला फोन?"

"सकाळचा. म्हणालात, उगाच बोललो, मनावर घेऊ नका. माफी वगैरे कशाला हो मागायची, चालायचंच."

"मी? माफी?" नकाशेवाल्यांनी स्टूल मागे सारलं. ज्या माणसानं खराब माल गळ्यात मारला, त्याचीच त्यांच्या नावानं माफी मागितली जाते, आणि मागणारा त्यांच्या घरात बसून ती मागतो! "तो आवाज माझा होता?"

"तुमचाच. जरा मऊ होता. सर्दी असेल म्हटलं."

त्यानं एकेक पट्टी आपल्या मशिनीत लावून पाहिली. तिन्ही ठणठणीत होत्या, नवीसुद्धा. नकाशेवाल्यांनी त्याला फक्त क्लिपांचं सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर ते स्वतःच्या कानांनाही ऐकवलं नसतं.

पार्टवाल्यानं डोकं खाजवलं. "बोर्ड गेला असेल. एक करा. घरी गेलात की एकही पट्टी न लावता मशीन सुरू करा. ओरडलं पाहिजे. रॅम नसली की मशीन ओरडतंच. ओरडलं तर समजा शुद्धीवर आहे."

"आणि नाही ओरडलं तर?"

"असं होत नाही," तो म्हणाला.

५

घरी आले तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती आणि स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू येत होतं. ते दारातच थांबले. बायको लग्नाच्या सुरुवातीला असं गुणगुणायची. ते कधी थांबलं, हे त्यांना आठवेना. आपल्यामुळे थांबलं, एवढं मात्र त्यांना तिथंच कळलं, आणि कुणीतरी छातीवर गुडघा ठेवावा तसं झालं.

ते चपला न काढताच कामाच्या खोलीत गेले. कॅबिनेट उघडं होतं, ते सोडून गेले होते तसंच. चारही स्लॉट रिकामे. तिन्हींच्या क्लिपा बाहेर पडलेल्या, चौथ्याच्या उभ्या. पट्ट्या खिशात होत्या, हात लावून त्यांनी खात्री केली. वायर लावली आणि बटण दाबलं.

ओरड, त्यांनी मनात म्हटलं. ओरड की, लेका.

मशीन ओरडलं नाही. पंखा हलकेच फिरू लागला आणि स्क्रीन उजळला. स्लॉट एक, रिकामा. स्लॉट दोन, रिकामा. स्लॉट तीन, रिकामा. स्लॉट चार, भरलेला. मग आपोआप इस्पितळाचा नकाशा उघडला, त्या अरुंद जिन्यासकट.

सगळा नियम झुगारून त्यांनी चालू मशिनीत हात घातला आणि चौथ्या स्लॉटची क्लिप अंगठ्यानं दाबली. ती हलली नाही. पलीकडून कुणी दार धरून ठेवावं तशी ती आतून धरलेली होती. दोन क्लिपांच्या मधल्या रिकाम्या जागेत त्यांचं बोट गेलं, आणि ती जागा रिकामी नव्हती. उबदार होती. माणूस नुकता उठून गेलेल्या गादीइतकी.

त्यांनी हात मागे घेतला.

"अहो," बायको दारात उभी होती. ती आत आली नाही. "परत उघडलंत का ते?"

"तू बोलतेस कुणाशी घरात?"

"तुमच्याशी. आणखी कुणाशी बोलणार?" तिनं दाराची चौकट धरली. "दोन दिवस झाले, माझ्यावर कुणी ओरडलं नाही. मला वाटलं, तुम्ही ठरवलंत. वाटलं, आता असंच राहील. चांगलं चाललंय ना ते मशीन? मग नका ना हात लावू. माझ्यासाठी."

तिनं कधी काही मागितलं नव्हतं. नवा कॉम्प्युटरही तिनं एकदाच मागितला होता, आणि तोही त्यांच्यासाठी. नकाशेवाल्यांना वाटलं, नुसतं बरं म्हणावं. झाकण लावावं आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसावं. पण स्क्रीनवर तो जिना होता. या गोडबोल्याला सगळ्यांना बरं वाटायला हवं होतं. मग वळणावर कोण का अडकेना! आणि ते त्यांच्या नावावर, त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या बायकोच्या हातचा चहा पिऊन!

"माझ्या घरात?" ते गरजले. "माझ्या?"

बायको वळून निघून गेली. त्यांनी भिंतीतली वायर मुळासकट उपटल्यासारखी ओढली. स्क्रीन काळा झाला, पंखा मंदावत थांबला. नकाशेवाले विजयानं उठले. आत्ता जाऊन तिला सांगायचं की बघ, संपलं. आणि नीट सांगायचं, न ओरडता. आपल्यालाही येतं, असं सांगायचं. ते तडक स्वयंपाकघराकडे निघाले.

अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं की बटण दाबून धरायचं राहिलं. पंख्यानं गचका दिला नव्हता. हिरवा दिवा विझलेला पाहिला नव्हता.

मागून आवाज आला. टक्. टक्.

"अगं," त्यांनी हाक मारली. ओठ हलले, घसा ताणला गेला, पण बाहेर काही आलं नाही.

"अगं," कामाच्या खोलीतून हाक आली. त्यांचाच आवाज, जरा मऊ. "ये ना. बस जरा."

बायकोनं डोळे पुसले. दोन कप घेतले आणि ती बाहेर आली. पॅसेज अरुंद होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागायचं. ती सरळ चालत आली आणि तेच भिंतीला टेकले. तिच्या कपातली वाफ त्यांच्या हनुवटीला लागली. तिनं वर पाहिलं नाही. खोलीचं दार तिनं पायानं लोटलं, तेव्हा फटीतून खुर्चीचा हात दिसला आणि त्यावर टेकलेलं कोपर. तपकिरी स्वेटर, कोपराला तिनंच केलेला रफू. नकाशेवाल्यांनी आपल्या कोपराला हात लावला. रफू तिथंही होता.

आत फोन वाजला.

"बोला, बोला," तो आवाज म्हणाला. "कामाला लागलात? छान. हो, जिना तसाच. नाही हो, कसली हरकत? चालेल."

स्ट्रेचर वळणार नाही! नकाशेवाले जीव खाऊन ओरडले. भिंतीवर मुठी आपटल्या, दार धरून हलवलं, शिरा ताणून पुन्हा ओरडले. मुठींचा आवाज झाला नाही, दार हललं नाही. फक्त त्यांच्या खिशातल्या रॅमच्या तीन पट्ट्या एकमेकींवर आपटून खुळखुळल्या.

"काही वाजलं का हो?" आत बायकोनं विचारलं.

"कुठं काय?" तो आवाज म्हणाला. "चहा घे, निवेल."

थोड्या वेळानं ती पुन्हा गुणगुणू लागली.